तेच गाणे, उतारवयात
(पं. भीमसेन जोशी यांच्या भक्तिगायनाचा एका भजनकऱ्याने केलेला अभ्यास)

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आधी एक कबुली देतो. मी गवई नाही, शास्त्रकारही नाही. सोलापुरात चादरीच्या एका कारखान्यात हिशेब लिहिण्यात नोकरीची वर्षे गेली, आणि दर गुरुवारी रात्री पेठेतल्या दत्ताच्या देवळात भजन म्हणत आलो. आता वय एकाहत्तर. हा लेख म्हणजे स्वतःच्या अडचणीपायी केलेला अभ्यास आहे. त्यातले उपयोगी वाटेल ते घ्यावे, बाकीचे सोडून द्यावे.

अडचण अशी झाली. गेल्या दत्तजयंतीला संध्याकाळी जन्मकाळाचे भजन चालू होते. देऊळ भरलेले. पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि नेहमीप्रमाणे शेवटचे पद माझ्याकडे आले. अंतऱ्याची वरची ओळ घेतली नि आवाज चिरला. पुन्हा घेतली, पुन्हा चिरला. मागे बसलेल्या एका पोराने ती ओळ अलगद उचलली म्हणून पद पुरे झाले. प्रसाद घेताना मंडळातलेच एक जण प्रेमाने म्हणाले, "काका, लई वर्षं गायलाव की. आता जरा बसून ऐका." त्यांचे काही चुकले नाही. पण घरी येऊन मी टाळ पुसले, फडक्यात बांधले आणि कपाटात ठेवून दिले. पुढचे तीन महिने गुरुवारी देवळात गेलो तो दर्शनापुरता. भजन सुरू व्हायच्या आत परत.

माझ्या बहिणीचा नातू तबला शिकतो. त्याच्या कानावर हे गेले असावे. एके दिवशी मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, दोन गाणी लावतो. कुठलं बरं ते सांगा." पहिले लावले ते 'इंद्रायणी काठी', जुन्या चित्रपटातले. दुसरेही 'इंद्रायणी काठी'च. गाणारेही तेच, पंडित भीमसेन जोशी. पण हे दुसरे उतारवयातल्या एका मैफलीतले. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "पहिलंच बरं. पूर्वीचंच बरं असतं." पोरगा म्हणाला, "का?"

मला उत्तर देता येईना. गळा जुना झाला की गाणे कमी होते, एवढेच मनात धरून बसलो होतो, आणि तोच न्याय स्वतःलाही लावला होता. मग ठरवले, आपण गुरुचरित्राचा सप्ताह करतो तसा श्रवणाचा सप्ताह करू. सात दिवस, रोज पहाटे, पंडितजींचे पूर्वीचे आणि नंतरचे भक्तिगायन शेजारी शेजारी ठेवून ऐकायचे. वहीत दोन रकाने आखले. डावीकडे पूर्वीचे, उजवीकडे नंतरचे. जन्मभर जमा-खर्च लिहिला, दुसरे येते काय!

पहिले श्रवण : १९५३

पंडितजींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा, गदगकडचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली एक ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अकरा वर्षांच्या वयात, हा मुलगा गुरू शोधायला घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कलकत्ता असे करीत पंजाबात जालंधरला पोचला. तिथे विनायकराव पटवर्धनांनी सांगितले, तुझ्या गावाजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिक्षण सुरू झाले. गुरूघरी पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरू देईल तेव्हा सूर घ्यायचा, अशी ती विद्या.

आपल्याला दत्तसंप्रदायात हे नवे नाही. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी आहे, अजगर आहे, मधमाशी आहे. ज्याच्याकडून जे शिकण्यासारखे ते घेतले. मग एका तबकडीने एका मुलाला गुरूच्या वाटेला लावले, यात आश्चर्य कसले? आणि आपल्यासारख्या गळा थकलेल्या माणसाने एखाद्या ध्वनिमुद्रणाकडून धडा घेतला, तर त्यातही कमीपणा नाही.

सवाई गंधर्व १९५२ च्या सप्टेंबरात गेले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त संगीत महोत्सव सुरू झाला, आणि त्याच वर्षी 'गुळाचा गणपती' हा चित्रपट आला. गीत ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचे. त्यात एकतीस वर्षांच्या भीमसेनजींनी 'इंद्रायणी काठी' गायले. माउलींच्या समाधीचे आणि भावंडांचे गाणे आहे हे, भीमपलासीच्या वळणाचे.

माझ्या वहीतला डावा रकाना असा भरला : आवाज भरदार आणि तयार. शब्द उचलला की तो सरळ वर जातो, कुठे चाचपडत नाही. हरकत येते ती विजेसारखी, आणि पुढचा शब्द लगेच हजर. सगळे गाणे तीन-साडेतीन मिनिटांत आटोपते, एकही क्षण मोकळा जात नाही. ऐकताना वाटते, गाणाऱ्याकडे देण्यासारखे खूप आहे आणि भांडे लहान आहे.

ते भांडे खरोखरच लहान होते, हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आले. त्या काळची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटे. जे काही म्हणायचे ते तेवढ्यात. शिवाय चित्रपटातला प्रसंग तेवढाच. म्हणजे ते गाणे आटोपशीर झाले यात गाणाऱ्याच्या वयाइतकाच त्या तबकडीचाही हात आहे. ही गोष्ट मनात ठेवावी, पुढे लागणार आहे.

दुसरे श्रवण : अभंगवाणी

पुढची जवळजवळ दोन दशके पंडितजींनी ख्यालगायनात घालवली. मग १९७० च्या दशकात पुणे आकाशवाणीचे संगीतकार राम फाटक यांच्या चालींवरचे अभंग त्यांच्या गळ्यातून घरोघरी पोचले. याच अभंगांचे पुढे 'संतवाणी' म्हणून जाहीर कार्यक्रम होऊ लागले. टाळावर माऊली टाकळकर, मागे तंबोरे, पखवाज, तबला, पेटी. शास्त्रीय मैफलीला कधी न जाणारा माणूसही या कार्यक्रमांना गर्दी करी. आषाढी-कार्तिकीला आमच्या जिल्ह्यात चहाच्या टपरीवरसुद्धा हेच अभंग लागलेले मी ऐकले आहेत.

यातला 'तीर्थ विठ्ठल' घ्या. नामदेवरायांचा अभंग, अहिरभैरवातली चाल. या अभंगात जवळजवळ प्रत्येक पावलावर विठ्ठल हा एकच शब्द येतो. गाणाऱ्याची परीक्षाच आहे ही. एकच शब्द पंचवीस वेळा म्हणायचा आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही. पंडितजी काय करतात? दर वेळी तो शब्द वेगळ्या सुरावर ठेवतात. एकदा खर्जाकडे, एकदा मध्ये, एकदा लांबून हाक मारल्यासारखा. शब्द तोच, पण पाहणे दर वेळी नवे.

आपण 'दिगंबरा दिगंबरा' हा अठरा अक्षरी मंत्र घोळवतो, तेव्हा बहुतेक वेळा काय होते? टाळ चढतो, लय वाढते आणि मंत्र धावायला लागतो. अर्थ मागे राहतो. 'तीर्थ विठ्ठल' ऐकून मला पहिल्यांदा कळले की नामाचा उच्चार वाढवायचा म्हणजे वेग वाढवायचा नव्हे. त्याला दर खेपेस नव्याने भेटायचे.

दुसरा अभंग 'काया ही पंढरी'. हा एकनाथ महाराजांचा, चाल फाटकांचीच. दत्तभक्तांना नाथांची ओळख करून द्यायला नको. त्यांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तउपासक. आपण रोज म्हणतो ती 'त्रिगुणात्मक त्रैमूर्ती' ही दत्ताची आरती नाथांचीच. अवधूताच्या चोवीस गुरूंचे निरूपणही त्यांच्या भागवतात सविस्तर आले आहे. या अभंगात नाथ सांगतात की क्षेत्र दूर नाही, हा देहच क्षेत्र आहे.

वहीत इथे मी लिहिले : १९५३ च्या गाण्यात सूर पुढे, शब्द त्याच्या मागोमाग. अभंगवाणीत शब्द पुढे, सूर त्याला धरून. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर शब्द हा ताणा आहे आणि सूर हा बाणा. मागावर आधी ताणा ताठ लावावा लागतो. तो ढिला राहिला तर बाण्याला कितीही रंग द्या, चादर वाकडीच निघते. आपल्या भजनात पुष्कळदा ताणाच ढिला असतो. शब्द अर्धे खातो आणि तानेवर जोर देतो.

याच सुमारास तबकडीही बदलली होती. लाँग प्ले आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे बसत. पुढे कॅसेट आली, तिला आणखी जागा. मग एका अभंगाला सहा-सात मिनिटे देणे परवडू लागले. भांडे मोठे झाले तसे गाणेही सैल बसले.

आणखी एक संच या दोन टप्प्यांच्या मध्ये ठेवून ऐकावा. १९८० च्या दशकातला 'राम श्याम गुणगान'. शब्द पंडित नरेंद्र शर्मा यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे, आणि गायला भीमसेनजींच्या सोबत लता मंगेशकर. पंडितजी साठी ओलांडत होते. दोन इतके वेगळे गळे, पण कुणी कुणावर मात करायला जात नाही. एकाची ओळ संपते तिथे दुसऱ्याला जागा सोडलेली असते. हे ऐकताना मला दत्तजयंतीला माझी ओळ उचलणारा तो पोरगा आठवला. मी त्याच्याकडे नंतर वळूनही पाहिले नव्हते.

तिसरे श्रवण : उतारवयातली संतवाणी

आता उजवा रकाना. वय सत्तरीकडे झुकलेले. तेच 'इंद्रायणी काठी', पण समोर मैफल. गाणे सुरू होण्याआधी नुसता तंबोरा. मग आलाप. पहिला शब्द यायलाच वेळ लागतो, आणि तो आला की सभागृहातून एक हुंकार उठतो, कारण ते गाणे लोकांना आधीच पाठ आहे.

इथे मी प्रामाणिकपणे लिहिणार आहे. देवाच्या अंकात खोटे लिहू नये. उतारवयातल्या गाण्यात काही गोष्टी गेलेल्या आहेत. एकतीस वर्षांच्या गळ्याची ती वरच्या सुराला हसत हसत जाणारी धाव आता नाही. श्वास पूर्वीइतका लांब पुरत नाही, म्हणून ओळ मध्ये तोडावी लागते. एखादा सूर लागताना किंचित घरघर ऐकू येते. पंडितजींवर आपली भक्ती आहे म्हणून हे कानाआड करायचे कारण नाही.

पण दुसरीकडे पाहा. 'समाधी' या एका शब्दावर ते किती वेळ थांबतात! पहिल्या गाण्यात तो शब्द येतो आणि जातो. इथे तो येतो आणि बसतो. श्वास कमी पडतो तिथे ओळ तुटते खरी, पण नेमकी अर्थाच्या सांध्यावर तुटते. त्यामुळे दम घेतला असे न वाटता गाणारा विचारात पडला असे वाटते. वरच्या सुराला ते जातात, पण दहादा जात नाहीत. एकदाच जातात, आणि तिथवर पोचायची वाट आपल्याला दाखवून जातात. तरुण गळ्याने जे एका झेपेत दिले ते इथे पायरी पायरीने मिळते, आणि पायऱ्या चढताना आपणही बरोबर असतो.

पाचव्या दिवशी पहाटे हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. पहिल्या गाण्याने कधी आले नव्हते. पहिले गाणे ऐकताना मी वाहवा म्हणत होतो. दुसरे ऐकताना गप्प होतो.

२००७ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, मोठ्या आजारपणांनंतर, पंडितजी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पुन्हा गायला बसले. गुरूच्या नावाने १९५३ मध्ये सुरू झालेला तोच महोत्सव. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झाले, आणि २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. गुरूच्या उत्सवात सेवा द्यायची, गळा कसा का असेना, हे चोपन्न वर्षांचे व्रत म्हणावे लागेल.

तीन चाळण्या

सप्ताह संपला तेव्हा बहिणीच्या नातवाला उत्तर देण्याइतके जमले होते. कुणाही जुन्या गायकाचा नवा संच आला की आपण लगेच तोलायला बसतो. पूर्वीची मजा राहिली नाही म्हणतो, नाहीतर भक्तीपोटी सगळेच थोर म्हणतो. दोन्ही घाई. निकाल देण्याआधी तीन चाळण्या लावाव्यात.

पहिली चाळणी साधनाची. गाणे कशासाठी मुद्रित झाले? तीन मिनिटांच्या तबकडीसाठी, की तासाभराच्या कॅसेटसाठी, की मैफलीत सहज टिपले गेले? जे लहान आहे ते साधनामुळे लहान असेल, जे सैल आहे ते साधनामुळे सैल असेल. याचे श्रेय किंवा दोष गळ्याला देऊ नये.

दुसरी चाळणी प्रसंगाची. १९५३ साली ते गाणे कुणाला ठाऊक नव्हते. ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात ठसवायचे होते. चाळीस वर्षांनी मैफलीत बसलेल्या प्रत्येकाने ते मनात गुणगुणत आणलेले होते. आता नुसते ऐकवून भागत नाही. ज्याला पाठ आहे त्याला पुन्हा नव्याने दाखवायचे काम उरते. आपण आरती रोज म्हणतो, तीच गत.

तिसरी चाळणी वयाची. पहिल्या दोन्हीतून गाळून जे उरेल ते वयाचे. आणि ते उरते त्यात फक्त वजाबाकी नसते. माझ्या वहीत डाव्या रकान्यात वेग, पल्ला, श्वास या नोंदी जास्त होत्या. उजवीकडे थांबणे, शब्द आणि जागा सोडणे या. बेरीज कुठली मोठी, हे मी अजून सांगू शकत नाही. एवढे कळले की दोन्ही रकाने एकाच माणसाचे आहेत, आणि डावा भरल्याशिवाय उजवा भरला नसता. तरुणपणी मेहनत केली नाही आणि म्हातारपणी 'भाव महत्त्वाचा' म्हणून वेळ मारून नेली, असे इथे झालेले नाही.

हे दत्ताच्या अंकात कशाला?

कुणी म्हणेल, पंडितजींनी विठ्ठल गायला, राम गायला, मग दत्ताच्या अंकात त्यांचा अभ्यास का? आमच्या मंडळात पेटीवर बसणारे अण्णा मातृभाषेने कन्नड. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत नांदतात, हे बाहेरच्यांना सांगावे लागते, आपल्याला नाही. मी अभ्यास करतोय म्हटल्यावर अण्णांनी मला पंडितजींची दासवाणी ऐकवली. पुरंदरदासांचे 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'. लक्ष्मीला घरी बोलावणारे पद. अण्णा एकेका शब्दाचा अर्थ सांगत होते आणि सांगताना आवाज कातर होत होता. मी म्हटले, "अण्णा, आपल्या अभंगासारखंच हो हे." ते म्हणाले, "मग काय! माणूस तोच, घसा तोच."

आपले गुरुचरित्रही असेच नाही का? ते लिहिणारे सरस्वती गंगाधर मूळ कन्नड भाषेचे. मराठी आपली भाषा नव्हे, हे त्यांनी ग्रंथातच सांगून टाकले आहे. तरी गुरुआज्ञा म्हणून मराठीत ओवी लिहिली आणि ती आज घराघरांत वाचली जाते. त्याच ग्रंथात हिप्परगीच्या नरहरी कवीची कथा आहे. कल्लेश्वरावाचून कुणावर कवित्व करणार नाही असे म्हणणाऱ्या त्या कवीला कल्लेश्वराच्या लिंगाच्या जागी श्रीगुरूच दिसले. ज्याने निष्ठेने एकाला गायले त्याने सगळ्यांना गायले, असा त्या कथेचा आशय मला वाटतो.

आणि आपली भीमा? पंढरपुरात तिला चंद्रभागा म्हणतात. तेच पाणी आपल्या जिल्ह्यातून पुढे कर्नाटकात जाते आणि गाणगापुरी अमरजेला भेटते. आपण सोलापूरहून गाडीत बसतो, अक्कलकोट रोड, दुधनी मागे पडते, पाट्या कन्नड होतात, आणि संगमावर स्नान करतो ते विठ्ठलाच्या पायाशी वाहून आलेल्या पाण्यातच. पंडितजींचा अभंग दत्ताच्या देवळात परका कसा ठरेल?

आपल्या भजनासाठी

या अभ्यासातून मी स्वतःपुरते काही ठरवले. भजनी मंडळांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

एक. पट्टी वयाप्रमाणे ठरवावी. तीस वर्षांपूर्वी आम्ही काळी दोन धरली होती आणि कुणी कधी विचारलेच नाही की ती अजून झेपते का. माझा आवाज चिरला तो अर्धा वयामुळे आणि अर्धा या हट्टामुळे. आता मी गातो तेव्हा अण्णा काळी एक धरतात. दोन पट्ट्यांचा फरक, पण गळ्याला केवढी सुटका!

दोन. पद आधी नुसते वाचावे. श्वास कुठे घ्यायचा ते अर्थ पाहून ठरवावे आणि तिथे पेन्सिलीने खूण करावी. दम लागेल तिथे थांबलो तर शब्दाचे दोन तुकडे होतात. अर्थाच्या सांध्यावर थांबलो तर ऐकणाऱ्याला ओळ कळते.

तीन. वरची ओळ एकदाच घ्यावी, आणि ज्याचा गळा जातो त्याला द्यावी. ज्येष्ठाने ती दिली तर तरुणाला उमेद येते. त्याने ती ओढून घेतली तर ज्येष्ठाला लागते, हे मी सोसले आहे. म्हणून आधीच देऊन टाकावी.

चार. नामाचा गजर वाढवताना लय एकदम चढवू नये. चार आवर्तने त्याच लयीत राहून नामाचा सूर बदलून पाहावा. मंडळी आपोआप जागी होतात.

पाच. तरुणांनी म्हाताऱ्या गळ्याची नक्कल करू नये. थांबून थांबून गायला लागणारी पोरे मी पाहिली आहेत, त्यात सोंग दिसते. त्यांनी १९५३ चे गाणे पुढे ठेवावे आणि मेहनत करावी. थांबणे पुढे आपोआप येते, लागेल तेव्हा.

सप्ताह संपल्यावर मी कपाटातून टाळ काढले. पुढच्या गुरुवारी देवळात गेलो आणि पोरांच्या मागे, भिंतीला टेकून बसलो. कुणी काही बोलले नाही. अण्णांनी पेटीवरून नुसते पाहिले आणि न विचारता काळी एक दाबली.

यंदा गुरुद्वादशीला तेच पद पुन्हा माझ्याकडे आले. गेल्या वर्षी चिरलेले. धृपद मी म्हटले, हळू, शब्द सांभाळत. अंतरा आला तेव्हा मागे बसलेल्या त्या पोराकडे पाहून मान हलवली. त्याने वरची ओळ घेतली, स्वच्छ, भरल्या गळ्याने. तो वर थांबलेला असताना मी खाली धृपदाचा शब्द धरून राहिलो. घरघर होतीच माझ्या आवाजात. पण ओळ तुटली नाही.

प्रसाद वाटताना मंडळातल्या त्याच गृहस्थांनी विचारले, "काका, दत्तजयंतीला शेवटचं पद कुणाच्या नावावर लिहू?"

मी म्हटले, "आमच्या दोघांच्या लिहा की."

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥